कृपा सदनाचं दार

(दृश्य : पुणे–सोलापूर लोहमार्ग, केडगाव स्थानकाची पाटी)

पुण्याहून सोलापूरच्या गाडीत बसलं, की दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी, बेवारस मुली आणि बालविधवा बरोबर घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची धास्ती, त्यामुळे इतक्या जणींना शहरात ठेवता येईना. शारदा सदन ही रमाबाईंनी विधवा आणि मुलींसाठी काढलेली शाळा; तिला उत्पन्न व्हावं म्हणून केडगावात जमीन घेतलेली होती. तिथेच तंबू ठोकले. चार वर्षांत ही वस्ती दीड हजारांच्या घरात गेली.

भूक काय असते हे रमाबाईंना कुणी सांगायला नको होतं. १८७४ च्या सुमारास, तीर्थयात्रा करत भटकणाऱ्या त्यांच्या कुटुंबावर अशीच वेळ आली होती. नवस, उपास, दानधर्म, सगळं करून झालं. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. देव प्रसन्न व्हावा म्हणून काय काय केलं, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे.

(दृश्य : मुक्तीचं आवार, जुन्या इमारती)

मुक्तीच्या आवारात एक एक करत घरं उभी राहिली. म्हाताऱ्या आणि दुबळ्या बायकांसाठी प्रीती सदन. अंध मुलींसाठी बार्तीमी सदन. रमाबाईंची लेक मनोरमा अमेरिकेतून ब्रेल शिकून आली होती, ती या मुलींना बोटांनी वाचायला शिकवायची. आणि कृपा सदन. ज्यांना ‘वाईट चालीची’ म्हणून घरानं आणि गावानं टाकलं, ज्यांच्या सावलीला कुणी उभं राहत नव्हतं, त्या बायकांसाठी हे घर.

असं घर काढायचं बळ आलं कुठून? त्यासाठी १८८३ च्या इंग्लंडमध्ये जावं लागतं.

तेव्हा रमाबाई पंचवीस वर्षांच्या होत्या. नवरा वारलेला, कडेवर लहान मुलगी. वाँटेज इथल्या ज्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या उतरल्या होत्या, त्यांनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला आपलं काम बघायला पाठवलं. तिथे ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या बायकांची सेवा चालायची. या बायकांना कुणी इतक्या मायेनं वागवतं, हे रमाबाईंनी पहिल्यांदा पाहिलं आणि त्यांनी कारण विचारलं. उत्तरादाखल बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय पुढे आला : विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी परक्या मानलेल्या जमातीतली, स्त्री आणि तिच्याशी बोलत बसलेला येशू. पाच नवरे झालेली बाई. येशू तिला हाकलत नाही, तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. रमाबाईंच्या मनाला हे भिडलं. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आपल्याकडे रमाबाई म्हटलं की या बाप्तिस्म्यावरच चर्चा अडते. मला त्यानंतरची रमाबाई जास्त मोलाची वाटते. कारण नव्या घरातही त्या मान खाली घालून राहिल्या नाहीत. पुडिंगमध्ये अंडं म्हणून त्या ते खात नसत; वाँटेजच्या भगिनींपैकी सिस्टर जेराल्डिनना त्यात जातीचा अभिमान दिसे. चर्च सांगतं म्हणून एखादी शिकवण मुकाट्यानं मानायला त्या तयार नव्हत्या. १८८५ मध्ये त्यांनी सिस्टरना कळवलं, की भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टानं सुटले आहे. तसंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. सिस्टरना हा उद्धटपणा वाटला असेल. मला त्यात निर्भय मन दिसतं.

तरी आत काहीतरी अपुरं होतं. ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्या स्वतःच म्हणतात. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना उमगलं की तारण, म्हणजे पापातून सुटका, कमवायचं नसतं, ते दिलेलं असतं. पवित्र शास्त्रात ओळ आहे : ‘प्रीतीच्या ठायी भीती नसते, इतकेच नव्हे तर पूर्ण प्रीती भीती घालवून देते.’ लहानपणापासून देवाचं देणं फेडत आलेल्या बाईला ही केवढी मोकळीक!

(दृश्य : शारदा सदनाची जुनी छायाचित्रं)

शारदा सदन मुंबईत ११ मार्च १८८९ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. मुलींनी आपापले आचार पाळावेत, अशी मोकळीक होती. रमाबाईंच्या प्रार्थनेच्या खोलीचं दार मात्र उघडं असे. काही मुली आत जाऊन बसू लागल्या, त्यावरून १८९३ मध्ये वादळ उठलं. सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही. परकी सत्ता असताना ती वाटणारच. पण त्याच सदनातली गोदूबाई त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून गेली, ती हिंदूच राहून. रमाबाईंना त्या लग्नाचा आनंदच झाला.

(दृश्य : खिळ्यांच्या पेट्या, छापखाना)

आयुष्याची शेवटची सतराअठरा वर्षं त्यांनी एकाच कामाला दिली : मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी. भाषा मुद्दाम साधी ठेवली, मुक्तीतल्या नुकत्याच वाचायला शिकलेल्या बाईला कळेल अशी. मुक्तीच्याच बायकांनी छापखान्यात अक्षर अक्षर जुळवलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. छपाई थांबली नाही. १९२४ मध्ये ते बायबल केडगावातून बाहेर पडलं.