आधी नवसागर, मग मासे

(दृश्य : पुण्यातल्या एका इमारतीची गच्ची. हिरव्या शेडनेटखाली दोन निळी प्लॅस्टिकची पिंपं. एक आडवं. दुसरं उभं चिरून त्याचा अर्धा भाग लोखंडी घोडीवर, पहिल्याच्या वर.)

निवेदन :
खालच्या पिंपात १५० लिटर पाणी आहे. पंप रात्रंदिवस चालू आहे, पाणी वरच्या खडीतून फिरून परत खाली पडतंय. आणि मासा एकही नाही. गच्चीवर कपडे वाळत घालायला येणारा प्रत्येक जण हेच विचारतो : "अहो, मासे कुठायत?"

मासे अजून महिनाभर तरी येणार नाहीत. ॲक्वापोनिक्स म्हणजे एकाच फिरत्या पाण्यावर खाली मासे आणि वर भाजी वाढवणं. घरच्या ॲक्वापोनिक्सचा खरा खेळ याच रिकाम्या दिवसांत चालतो. मासे पाण्यात अमोनिया सोडतात, बराचसा कल्ल्यांमधून. तो त्यांनाच विषारी. खडीवर वाढणारे काही जीवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि ते मात्र झाडांना हवंच असतं. तेव्हा आधी पाळायचे ते जीवाणू. त्यांची वस्ती बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. ही घाई ज्यांना आवरत नाही, ते पहिल्याच रविवारी मासे आणून सोडतात, पुढच्या काही दिवसांत मेलेले काढतात, आणि बोल दुकानदाराला लावतात.

(दृश्य : सोनाराकडे असतो तसला छोटा काटा. कागदावर पांढरी पूड.)

पण मासे नाहीत, तर जीवाणूंना अमोनिया मिळणार कुठून? नवसागरातून! कल्हईवाला तापलेल्या भांड्यात चिमूटभर टाकायचा आणि भसकन पांढरा धूर उठायचा, तोच हा नवसागर. म्हणजे अमोनियम क्लोराइड. फक्त बाजारातला खडा नको, त्यात आणखी काय आहे ते कळत नाही. रसायनांच्या दुकानातून शुद्ध प्रतीचा घ्यावा. १५० लिटरला १ ग्रॅम पुरे. त्यातून लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम अमोनिया होतो.

(दृश्य, अगदी जवळून : काचेची नळी, त्यात पडणारे थेंब. रंग हळूहळू जांभळा होतो.)

हे नायट्राइटचं किट. नळीत खुणेपर्यंत पाणी, वर थेंब, बूच लावून हलवायचं आणि पाच मिनिटं हात बांधून बसायचं. आकाशी रंग राहिला तर नायट्राइट नाही. आज नळी गडद जांभळी आहे. पहिली टोळी कामाला लागली, दुसरी यायची आहे. ज्या दिवशी नवसागर टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येतील, त्या दिवशी मासे आणायला जायचं.

(दृश्य : घमेल्यात धुतली जाणारी काळी खडी. एका दगडावर व्हिनेगरचे थेंब.)

तोवर बांधणीकडे वळू. पिंप २०० लिटरचं, जुन्या बाजारातलं. आधी त्यात काय भरलेलं होतं ते विचारायचं. रसायनाचं असेल तर स्वस्तात मिळालं तरी सोडून द्यायचं. उभं चिरलं की जवळपास ३० सेंटिमीटर खोल पन्हाळ मिळते, मुळांना तेवढी खोली छान पुरते. पुण्याच्या आसपास खडी मिळते ती काळ्या पाषाणाची, तिचा पाण्याशी काही झगडा नसतो. तरी व्हिनेगर टाकून बघावं. फेस आला तर दगडात चुना आहे, पाण्याचा सामू (पीएच) चढत राहील.

आणि वजन! पाणी, खडी, पिंपं धरून हे सगळं साडेतीनशे किलोच्या पुढे जातं. ते तुळईवर आलं पाहिजे, स्लॅबच्या मध्यावर नको. इमारत जुनी असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पिंप वर चढवूच नये.

(दृश्य : खडीतून वर आलेला पाइप. अचानक घळघळ आवाज, पाणी जोरात खाली कोसळतं.)

हा घंटी सायफन. पाणी खडीत चढत चढत वरून पाच सेंटिमीटर खालीपर्यंत येतं, मधल्या पाइपात उतरतं, पाइपावर घातलेल्या टोपणाखालची हवा ओढली जाते आणि सगळं पाणी एका दमात रिकामं होतं. तळाशी हवा शिरली की सायफन तुटतो, पुन्हा भरणं सुरू. मुळांना पाणीही मिळतं आणि हवाही. हा सायफन पहिल्या फटक्यात क्वचितच लागतो. पंपाचा नळ थोडा कमी-जास्त करत बसावं लागतं.

मासे कोणते? सुरुवातीला गोल्डफिश किंवा कोई, थोडेच. आणलेली पिशवी १५-२० मिनिटं पिंपात तरंगत ठेवायची, मग सोडायचे. नळाचं पाणी वर घालताना आदल्या दिवशी उघड्या बादलीत काढून ठेवायचं, क्लोरीन उडून जातो.

भाजीचं गणित माशाच्या खाद्यावर चालतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१४ च्या पुस्तिकेतला ठोकताळा असा : १ चौरस मीटर पालेभाजीला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य. बोटाएवढे पाच-सहा मासे दिवसाला ग्रॅम-दोन ग्रॅम खातात. त्यात पुदिना आणि नाळीच्या भाजीच्या चार काड्या जगतील. घरच्या भाजीचा प्रश्न सुटेल या आशेने कुणी यात पडू नये. मासे वाढतील तसा पाला वाढेल.

(दृश्य : कोवळं पान. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा.)

नवी पानं अशी दिसली तर लोह कमी पडतंय. माशांच्या खाद्यात ते पुरेसं नसतं. चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळून राहणारं आणि झाडाला घेता येणारं, थोडं थोडं द्यायचं. मावा पडला तर पाण्याचा फवारा मारून झाडावा. कीटकनाशक पानावर मारलं तरी शेवटी पिंपातच उतरतं.

वीज गेली तर झाडं थांबतील, मासे थांबत नाहीत. एप्रिलमध्ये तर पाणी तापलेलं, त्यात प्राणवायू आधीच कमी. म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा एअरपंप आधी घ्यावा, शोभेचे दिवे नंतर. एरवी २० वॅटचा पंप महिन्याला १४-१५ युनिट खातो.

आणि राहिला तो प्रश्न : खायचे मासे का नाहीत? उजनीची चिलापी, म्हणजे तिलापिया, यात उत्तम वाढते. पण ती पाळायला मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते. आफ्रिकन मांगूर तर देशात बंदच आहे. आपले गोल्डफिश वाढून पिंपात मावेनासे झाले, तर ते दुकानात परत द्यावेत किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी. मुठेत सोडायचे नाहीत.