जुनी शेड, नवा पंखा

(मास नदी. वॉटरबस धक्क्याला लागते.)

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमहून वॉटरबसनं आलं, की दक्षिण काठावर हेइप्लाट लागतं. समोर या अवाढव्य शेड. इथे सगळे त्यांना 'आरडीएम' म्हणतात, म्हणजे 'रॉटरडॅम ड्रायडॉक कंपनी'. 1902 साली सुरू झालेली ही जहाजबांधणीची गोदी. कामगारांसाठी कंपनीनं शेजारी अख्खं गाव वसवलं. ते अजून नांदतंय.

(जुनी छायाचित्रं)

1958. राणी युलियानाच्या हस्ते 'एसएस रॉटरडॅम' पाण्यात उतरतंय. लांबी 228 मीटर. हे जहाज आज याच शहरात हॉटेल होऊन उभं आहे. डच नौदलाच्या पाणबुड्याही इथल्याच. 1983 मध्ये मूळ उद्योगसमूह कोसळला आणि पुढे गोदीही थंडावली.

(शेडचं छप्पर. कॅमेरा हळूहळू खाली.)

नदीकाठची एवढी मोठी रिकामी जागा दिसली, की पहिला विचार पाडापाडीचाच येतो. इथे तो टळला, हे बरं झालं. या लोखंडासाठी जाळायचा तो कोळसा केव्हाच जळून गेलाय. नवं बांधायचं तर पुन्हा जाळा. शिवाय एवढी उंची नव्यानं कोण बांधून देणार? बंदर प्राधिकरण आणि शहरातल्या शिक्षणसंस्था एकत्र आल्या, आणि यंत्रशाळेचं 'इनोव्हेशन डॉक' झालं. एकाच छपराखाली विद्यार्थी आणि कंपन्या. जुन्या गोदीइतका रोजगार मात्र परतलेला नाही.

(ठिणग्या. रोबोचा हात, अगदी जवळून.)

हा हात वेल्डिंग करतोय, पण काही जोडत नाहीये. तार वितळते, एक रेघ पडते. तिच्यावर दुसरी, मग तिसरी. 2017 मध्ये इथल्या 'रॅमलॅब' या प्रयोगशाळेनं अशा 298 थरांतून जहाजाचा प्रोपेलर, म्हणजे आपला पंखा, घडवला. निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझ, तीन पाती, वजन सुमारे 400 किलो. कडेनं पाहा, थर मोजता येतील. नंतर घासून-तासून तो गुळगुळीत केला. सुट्या भागासाठी जहाज आठवडेच्या आठवडे धक्क्याला अडकून पडू नये, म्हणून ही खटपट.

(टगबोट. पाण्याला फेस.)

जहाजं तपासणाऱ्या 'ब्यूरो व्हेरिटास' या संस्थेनं प्रमाणपत्र देण्याआधी तो पंखा टगला, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीला, बसवून पाहिला. आधी वेग, मग ओढण्याची ताकद. शेवटी भरधाव टग एकदम थांबवायची. प्रत्येक वेळी पंखा ओतीव पंख्यासारखाच वागला.