अडलेला नट

श्रोतेहो, नमस्कार. आज तुमच्याशी एका नटाबद्दल बोलायचं आहे. तेराचा पाना लागतो तो नट. वडिलांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी अजून आमच्या दारात उभी आहे. तिच्या सायलेन्सरचा पुढचा पाइप मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या भागाला, जिथे जोडलेला असतो, तिथला हा नट. पाइप सडला होता, बदलणं भाग होतं आणि नट काही केल्या हलेना.

आता तुम्ही म्हणाल, सोलापूरची हवा कोरडी, समुद्र कुठल्या कुठे, मग एवढा गंज येतो कुठून? तो खालून येतो. पावसाळ्यात शेताकडे एक फेरी झाली की काळी माती गाडीच्या पोटाला चिकटते, खाचाखोचांत जाऊन बसते. वरून वाळलेली दिसते, पण आतली ओल दिवसेंदिवस धरून ठेवते. त्यात सायलेन्सरजवळचे नट रोज तापतात, रोज निवतात. त्यांच्यावरचा मुलामा उडतो आणि लोखंड उघडं पडतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, आणि आट्यांमध्ये ती असते कुठे? म्हणून तो आतल्या आत फुगून नट गच्च धरून ठेवतो. जुन्या गाडीचा नट आवळलेला नसतो, जाम झालेला असतो. हा फरक मला उशिरा कळला.

पहिल्या दिवशी मी पान्याला दोन फुटी पाइप लावला आणि शेजारच्या नटावर सगळा भार टाकला. हाताला एकदम हलकं लागलं. वाटलं, सुटला. बघतो तर पान्यात नट आणि नटात अर्धा स्टड, म्हणजे नट ज्यावर फिरतो तो आट्यांचा दांडा. तुटलेली जागा चांदीसारखी चकचकत होती, बाकी सगळं तपकिरी. फार वाईट वाटलं. वडिलांच्या हातची गाडी ती.

माझे मामा सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाचे फिटर होते. त्यांना बोलावलं. त्यांनी बॅटरीच्या उजेडात नट पाहिला आणि पाना बाजूला ठेवायला सांगितला. म्हणाले, "अरे, त्याला आधी तेल पिऊ दे. आज हात लावायचा नाही."

तीन संध्याकाळी आम्ही तेवढंच केलं. तारेच्या ब्रशने आटे घासायचे, गंज सोडवायचं तेल मारायचं, हातोडीने नटावर हलक्या हाताने दहा-पंधरा ठोके द्यायचे आणि घरात जायचं. या ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात, तेलाला आत शिरायला वाट मिळते. तेल नसेल तर डिझेलही चालतं, पण त्याला जास्त वेळ द्यावा लागतो.

चौथ्या दिवशी मामांनी सहा कोनी गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखी बसणारी पान्याची वाटी, लावली. बारा खाचांची गोटी झिजलेल्या नटाचे कोपरे खाते आणि एकदा कोपरे गेले की पाना धरणार कशाला? नट सोडवायच्या आधी त्यांनी तो किंचित आवळला. 'कर्र' असा आवाज आला. मग पाव फेरा सोडला, पुन्हा थोडा आवळला, पुन्हा तेल. दर खेपेला आट्यांतून चहाच्या चोथ्यासारखा ओला गंज बाहेर येत होता. ज्यांना घाई असते ते एकाच दिशेने ओढत राहतात. मग हाच गंज पुढच्या आट्यांत दाटतो आणि स्टड तुटतो.

पाव तासाने तो नट निघाला. त्याच्या पलीकडचा तरीही अडून बसला, तेव्हा गॅसची ज्योत घेतली. उष्णता नटाला द्यायची, स्टडला नाही. 8 मिलिमीटर भोकाच्या नटाचं तापमान 300 अंशांनी वाढलं तर त्याचं भोक वाढतं जेमतेम 0.03 मिलिमीटर, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण गंजाची पकड मोडायला तेवढं पुरतं. तापलेल्या नटाला मेणबत्ती टेकवली की वितळलेलं मेण आपोआप आट्यांत ओढलं जातं.

एक कळकळीची विनंती. ज्योत पेटवण्याआधी तेल पुसून घ्या आणि पेट्रोलची नळी, ब्रेकचे होज कुठून जातात ते बघून ठेवा. आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर किंवा विटांवर विसंबू नका. वीट फुटते. स्टँड लावा.

तुटलेल्या स्टडचं काय केलं, तर वेल्डरला घरी बोलावलं. गाडीच्या बॅटरीची वायर काढून ठेवली. उरलेल्या खुंटावर नवा नट ठेवून त्याने आतून वेल्डिंगने भरला. धरायला नट मिळाला आणि इथे स्टडच सोडवायचा होता, त्यामुळे उष्णताही थेट त्याला मिळाली. लाली ओसरल्यावर पाना लावला, तर खुंट बिडाच्या मॅनिफोल्डमधून अख्खा निघाला. खुंटात भोक पाडून इझी-आउट, म्हणजे उलट्या आट्यांची पोलादी खुंटी, घालतात, तो उपाय मी शेवटी ठेवतो. ते पोलाद कडक आणि ठिसूळ असतं. आत तुटलं तर साधं ड्रिलही त्याला लागत नाही.

सुट्या भागांसाठी मात्र आपल्या जिल्ह्यात फार चांगली गोष्ट मिळते, ती म्हणजे उसाची मळी. जनावरांच्या खाद्यात घालतात तीच. एक भाग मळी, नऊ भाग पाणी असं मिश्रण प्लास्टिकच्या टबात केलं आणि गाडीचा गंजलेला जॅक त्यात बुडवला. दोन आठवडे अंगणात साखर कारखान्यासारखा आंबूस वास होता, घरच्यांनी सोसला. बाहेर काढून पाण्याने धुतला तर खालचं करडं लोखंड दिसलं. लगेच पुसून तेल लावलं, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होतो. ॲल्युमिनियमचे भाग मात्र यात बुडवू नका, मळी त्यांना खाते.

नवे स्टड बसवताना आट्यांना कॉपर ग्रीस लावलं आणि नट पितळी घेतले. पितळेला तसा गंज चढत नाही. यंदा पावसाळा सरल्यावर मुद्दाम गाडीखाली गेलो, त्याच जागचा नट पुन्हा उघडून बघितला. साध्या पान्याने, एका हाताने सुटला. मामांना फोन करून सांगितलं.

नमस्कार.