गहू धुळ्याचा, वास केळीचा

[पहाट. पत्र्याची शेड. फरशीवर पसरलेला गहू. लाकडी फावड्याचा आवाज.]

जानेवारी, पहाटेचे साडेपाच. या दिवसांत धुळ्यात पारा सहा-सात अंशांपर्यंत उतरतो. बाहेर रस्त्याकडेला शेकोट्या पेटल्यात, आणि या शेडच्या खिडक्या मात्र रात्रभर मुद्दाम उघड्या आहेत. फरशीवरच्या गव्हाला थंडी हवी आहे.

गहू लोकवन. एक पोतं, ५० किलो. परवा सकाळी भिजत घातला, आज त्याला मोड फुटलेत. मटकीला मोड आणतात, नाचणीचं सत्त्व काढतात, त्याच घराण्यातलं हे काम. फक्त इथला गहू पुढे बिअरच्या वाटेला लागतो.

मुंबई-आग्रा महामार्गालगतची ही परवानाधारक मायक्रोब्रूअरी आहे. मोठ्या टाक्यांत रोजची बिअर तयार होते, आणि मागच्या या शेडमध्ये ५०-५० लिटरच्या चाचण्या चालतात. माल्ट म्हणजे मोड आणून सुकवलेलं धान्य. बार्लीचं माल्ट हरियाणा-राजस्थानकडून येतं. गव्हाचं माल्ट बहुतेक जण बाहेरूनच मागवतात. ज्या भागात वरण-बट्टी आणि मांडे गव्हावर चालतात, तिथे गव्हाचं माल्ट पोत्यानं विकत आणायचं, हे इथल्या मंडळींना पटत नाही.

[पिंपात गहू. पाणी उपसलं जातं. ओला गहू वजनकाट्यावर.]

खान्देशात कुरडईसाठी गहू भिजतो तो तीन दिवस. पाणी रोज बदलतात, गहू आंबतो, मग वाटून चीक काढतात. त्यात दाणा मेला तरी बिघडत नाही. माल्टला दाणा जिवंत लागतो. म्हणून आधी सहा तास पाण्यात, मग पाणी काढून दहा-बारा तास नुसता हवेवर, पुन्हा सहा तास पाण्यात, पुन्हा हवेवर, आणि शेवटी दोनेक तास पाणी. सलग पाण्यात ठेवलेला दाणा गुदमरतो, पिंपातून आंबूस वास येतो आणि पोतं वाया जातं. बार्लीला टरफल असतं, गव्हाला नसतं. त्यामुळे गहू पाणी भराभर ओढतो आणि चूकही भराभर होते.

पुरेसं भिजलं की नाही, हे काटा सांगतो. कोरड्या गव्हात दहा टक्के ओलावा धरला, तर तो ४४ टक्क्यांवर जायला ५० किलोचे ८० किलो व्हायला हवेत. काट्यावर ७४ दिसले तर मोड अर्धवट राहतात, ८५ दिसले तर गहू चिकट होतो.

गहू बाजारातून उचलून चालत नाही. मार्चमध्ये निघालेला नवा गहू काही आठवडे झोपलेला असतो, एकसारखा उगवत नाही. तो जागा होईपर्यंत खान्देशात मे महिना उजाडतो, आणि भुसावळ-जळगावात पारा पंचेचाळीसला टेकतो. त्या उन्हात मोड आणायला गेलं तर बुरशीच येईल. म्हणून मार्चचा गहू नऊ-दहा महिने थांबतो आणि पौषाच्या थंडीत भिजतो.

साठवणीचं एरंडेल चोळलेला गहू नको, तेलानं बिअरचा फेस बसतो. पेरणीसाठी आणलेलं गुलाबी बियाणं तर शेडमध्ये आणायचंच नाही. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, ते कितीही धुतलं तरी खाण्यापिण्याचं होत नाही. शेतकऱ्याला आधीच सांगून ठेवायचं ते युरियाचं. शेवटचा हप्ता उशिरा, ओंबी निघताना पडला की दाण्यात प्रथिनं वाढतात. चपातीला ती चांगली. माल्टला ११-१२ टक्क्यांच्या वर गेली की पुढे माल्टचा गोड रस गाळताना डोकं धरायची वेळ येते.

[जवळून: नखावर चिरडलेला दाणा.]

चौथा दिवस. थर पाच-सहा इंचांचा, दर आठ तासांनी उलटायचा. थराच्या पोटात तापमापक खुपसलेला आहे, तो १८ च्या वर जाऊ द्यायचा नाही. मोड श्वास घेतात, उष्णता सोडतात, आणि उलटायला उशीर झाला की मुळ्या एकमेकींत गुंतून गोधडीसारखा गठ्ठा होतो. गव्हाचा कोंब उघडा असतो, फावडं जोरात चाललं की तुटतो. म्हणून हात हलका.

आता हा दाणा बघा. कोंब दाण्याच्या पाऊण लांबीला आला आहे. नखानं दाबल्यावर आतलं पीठ खडूसारखं पसरलं. कणी लागली असती तर अजून एक दिवस थांबावं लागलं असतं. शेडभर काकडी चिरल्यासारखा वास आहे. हा वास आला म्हणजे मोड बरोबर चाललेत.

[सुकवणीचं कपाट. पंख्याचा आवाज. निवेदन थोडं थांबून.]

इथे घाई केली की सगळं मुसळ केरात. ओल्या दाण्यात स्टार्चचे तुकडे करणारी एन्झाइम्स तयार झालेली असतात, आणि दाणा ओला असताना ५० अंशांवर नेला तर ती मरतात. म्हणून पहिला दिवस पंखा आणि जास्तीत जास्त ४५ अंश. ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास आला की ६०, मग ७०, आणि शेवटचे तीन-चार तास ७८ ते ८०. दाणा दाताखाली कुडकुडीत वाजला पाहिजे, जिभेवर गोड लागला पाहिजे. मग गोणपाटात घालून चोळायचा, मुळ्या गळतात, सुपानं पाखडायच्या. मुळ्या राहिल्या तर बिअर कडवट. ५० किलो गव्हाचं ४० ते ४२ किलो माल्ट हाती येतं.

यातलं थोडं कढईत भाजून गडद केलंय. गव्हाला टरफल नसल्यामुळे गडद भाजला तरी जळकट तुरटपणा कमी येतो, कोकोकडे झुकणारी चव राहते. थोडं आंब्याच्या लाकडाच्या धुरावर धरलंय. पोलंडमध्ये ग्रोजिस्क नावाच्या गावची बिअर ओकच्या धुरावर सुकवलेल्या गव्हाची असते, तिच्यावरून हे सुचलं. खान्देशात जळण म्हणजे पऱ्हाटी. ती शेडमागे ढिगानं पडली आहे, पण या कामाला नाही. कपाशीवर झालेल्या फवारण्या धुरातून दाण्यात कोण घेणार?

[एप्रिल. भर दुपार. वाफ. मोठं पातेलं.]

माल्ट थंडीचं, बिअर उन्हाळ्याची. माल्टला तीन-चार आठवडे विश्रांती देतात, इथे तीन महिने मिळाली. भरडायची गिरणी रोलरची आहे. बार्लीसाठी दोन रोलरमध्ये सव्वा मिलीमीटर फट, गव्हासाठी एक. गहू बारीक आणि टणक, एकाच मापात दोन्ही घातले तर निम्मा गहू अख्खा बाहेर पडतो. आणि पिठाच्या चक्कीवरून दळून आणला तर पातेल्यात लापशी होते.

आजचं माप असं: गव्हाचं माल्ट ७ किलो, बार्लीचं ४ किलो, पाणी ३३ लिटर. जर्मनीत वाइसबिअर, म्हणजे गव्हाची बिअर, म्हणवून घ्यायला निम्म्याहून कमी गहू चालत नाही. गंमत अशी की त्याच बव्हेरियात १५१६ च्या फर्मानानं बिअर फक्त बार्ली, हॉप्स (कडूपणा देणारी फुलं) आणि पाण्याचीच करायची असं ठरवलं होतं. गहू भाकरीसाठी राखला होता. पुढे गव्हाच्या बिअरचा मक्ता राजघराण्यानं स्वतःकडे ठेवला, आणि १८७२ साली म्युनिकमध्ये गेऑर्ग श्नायडर यांनी ती गाळण्याचा हक्क मिळवला.

भरडलेलं माल्ट गरम पाण्यात मिसळलं, की त्याला मॅश म्हणतात. ते टप्प्याटप्प्यानं तापवायचं. पहिला टप्पा ४५ अंश, २० मिनिटं. बरेच जण हा टप्पा वगळतात आणि मग लवंगेचा वास का आला नाही म्हणून यीस्टला दोष देतात. धान्याच्या पेशीभित्तीत फेरुलिक आम्ल अडकलेलं असतं. ते या तापमानाला सुटतं, आणि गव्हाच्या बिअरचं यीस्ट त्यापासून लवंगेचा वास तयार करतं. आम्लच सुटलं नाही, तर यीस्ट कशातून करणार? पुढे ५२ वर दहा मिनिटं, प्रथिनांसाठी. ६३ वर ४० मिनिटं, ७२ वर २०, स्टार्चची साखर होण्यासाठी.

[पांढरी बशी. आयोडीनचा थेंब.]

बशीवर रसाचा थेंब, त्यावर आयोडीन. काळा-निळा झाला म्हणजे स्टार्च शिल्लक आहे. हा पिवळाच राहिला, म्हणजे जानेवारीत सुकवणीचं कपाट नीट चाललं होतं.

[नळाची धार बारीक होत थांबते.]

आणि हे गव्हाचं जुनं दुखणं. गाळणी तुंबली. बार्लीची टरफलं पातेल्याच्या तळाशी आपोआप चाळण तयार करतात. गव्हाला टरफल नाही, त्यात इथल्या गव्हाची प्रथिनं जास्त, वर बोअरचं पाणी जड. नळ आणखी उघडला तर थर खाली ओढला जाऊन दगडासारखा बसतो. तसं न करता नळ बंद करायचा, तळातून ७७ अंशांचं पाणी सोडून थर उचलायचा, हलवायचा, दहा मिनिटं थांबायचं, आणि मग नळ करंगळीएवढ्या धारेनं उघडायचा.

दुसऱ्या घाण्याला नवापूरकडच्या गिरणीतून आणलेलं भाताचं तूस घातलं: अर्धा किलो, म्हणजे धान्याच्या पाच टक्क्यांहून किंचित कमी. आधी उकळत्या पाण्यात धुऊन घेतलं, नाहीतर बिअरला धुळकट चव येते. धार बघा आता. पाण्यात निम्मं आरओचं मिसळलं आणि थोडं लॅक्टिक आम्ल घालून मॅशचा पीएच ५.४ वर आणला, तोही फायदा आहेच.

[उकळी. फेस कडेला येतो.]

५७ लिटर रस, तासाभराची सणसणीत उकळी, उरतो ५०. हॉप्स जर्मनीतल्या हालरटाऊचे, चार टक्के आल्फा आम्लाचे (कडूपणा याच आम्लातून येतो), फक्त ७० ग्रॅम. गव्हाच्या बिअरमध्ये कडूपणाला मान नसतो. रसाची घनता मोजणारा हायड्रोमीटर १.०५० दाखवतो. साखर आंबत गेली की हा आकडा उतरतो.

आता थंड करायचं. इथे खान्देश आपला हिसका दाखवतो. एप्रिलमध्ये टाकीचं पाणीच ३२ अंशांचं, त्यावर चालणाऱ्या चिलरमधून रस ३५ च्या खाली येत नाही. युरोपातल्या पुस्तकात लिहिलेलं असतं, १२ अंशांना यीस्ट घाला आणि १८ वर आंबवा, दोन्हींची बेरीज ३० ठेवा. त्या बेरजेसाठी इथे बर्फाच्या टबातून दुसरा फेरा काढावा लागतो.

[चार पांढरे कॅन. खडूनं आकडे: १, २, ३, ४.]

रस एकच. चार कॅन, प्रत्येकी साडेबारा लिटर. कॅन वीस लिटरचे, कारण हे यीस्ट फेस फार चढवतं. जागा ठेवली नाही तर सकाळी भिंत धुवावी लागते.

पहिल्या आणि दुसऱ्या कॅनमध्ये गव्हाच्या बिअरचं एकच जर्मन यीस्ट, प्रत्येकी सात ग्रॅम. पहिला १८ अंशांवर, दुसरा २३ वर. जुने फ्रिज, बाहेर तापमान राखणारा खटका, आणि तापमापकाचं टोक कॅनच्या अंगाला चिकटवून वरून थर्माकोल. हवेत लोंबकळत ठेवलं तर ते फ्रिजचं तापमान सांगतं, आणि कॅनच्या आत त्याहून चार-पाच अंश जास्त असू शकतं.

तिसऱ्यात अमेरिकन एल यीस्ट, १९ अंशांवर. याला स्वतःचा वास असा जवळपास नाहीच.

चौथ्यात क्वाइक. पश्चिम नॉर्वेतल्या वॉस भागातल्या शेतघरांचं यीस्ट, ३५ ते ४० अंशांत खूश असणारं. याला बर्फ नाही, फ्रिज नाही. रस ३५ वर आला तसाच कॅनमध्ये घेतला, पाच ग्रॅम यीस्ट आणि चिमूटभर यीस्टचं खाद्य टाकलं, आणि कॅन शेडच्या कोपऱ्यात ठेवला. रात्री पारा पंचविशीवर येतो म्हणून वरून गोधडी.

[एअरलॉकचे बुडबुडे. निवेदन नाही.]

तिसऱ्या दिवशी चौथा कॅन शांत झाला. हायड्रोमीटरवर १.०११. बाकीच्यांना आठवडा लागला.

[चार ग्लास, उजेडासमोर.]

पहिला ग्लास: लवंग पुढे, केळ मागे. दुसरा ग्लास: केळ, आणि तेही पिकून साल काळी पडायला लागलेलं. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन आहे, रावेर-यावलकडे मैलोन्‌मैल बागा आहेत, त्यामुळे चाखणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: केळ किती घातलं? घातलंच नाही. हा वास आयसोअमाइल ॲसिटेटचा. पिकलेल्या केळात तोच असतो, यीस्टही तोच तयार करतं, आणि ऊब मिळाली की जास्त करतं. मधमाश्यांच्या धोक्याच्या इशाऱ्यातला मुख्य वासही हाच, म्हणून जाणते मधपाळ पोळ्याजवळ केळ खात नाहीत. खरं केळ टाकून पाहिलं तर टाकीत गाळ वाढतो, वास फारसा वाढत नाही.

पाच अंशांचा हा फरक. आणखी तीन-चार अंश चढले असते तर केळाच्या जागी नेलपॉलिश आलं असतं.

तिसरा ग्लास स्वच्छ, कणकेची गोडी आणि थोडं लिंबू. इथल्या माल्टची पारख करायची तर हाच ग्लास, कारण यात यीस्ट मधे मधे बोलत नाही. दाणेदार चव आहे, बाहेरच्या माल्टपेक्षा किंचित रांगडी. फेस मात्र ग्लासाला धरून बसला आहे. त्या जादा प्रथिनांनी गाळणीत रडवलं, पण फेसात भरपाई केली.

चौथ्यात संत्र्याची साल. लवंग नाही, कारण क्वाइक सहसा फेरुलिक आम्लाला हात लावत नाही. बव्हेरियाचा माणूस याला वाइसबिअर म्हणणार नाही. बर्फाच्या लाद्या आणि आठवडाभर चालणारा फ्रिज वाचला, हे मात्र या कॅनकडे बघितल्यावर लक्षात येतं.

[म्हशी. घमेल्यातला ओला चोथा.]

चोथा संध्याकाळच्या आत गोठ्यात जातो, या उन्हात तो एका रात्रीत आंबतो. एक लिटर बिअरमागे पाच ते सात लिटर पाणी लागतं, छोट्या ठिकाणी अधिकच, आणि उन्हाळ्यात ते टँकरनं येतं. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय हे काम घरी करता येत नाही.

[ओल्या फडक्यानं खडूचे आकडे पुसले जातात.]

पुढच्या घाण्यात चारही कॅन क्वाइकचे. एकात साधा गहू, दुसऱ्यात पाच टक्के गडद भाजलेला, तिसऱ्यात निम्मा आंब्याच्या धुराचा. चौथ्यात पुन्हा साधाच गहू, पण यीस्ट पाचऐवजी दोन ग्रॅम.