डिरेक्टरी हटवण्याची मार्गदर्शिका ताजी कशी ठेवावी

मित्रहो, क्लाउडमधील डिरेक्टरी (म्हणजे संस्थेचे वापरकर्ते आणि त्यांच्या परवानग्या यांची नोंदवही) कशी उभारावी हे सांगणारी मार्गदर्शिका रोज कोणी ना कोणी उघडत असते, त्यामुळे तिच्यातली एखादी पायरी चुकली तर लगेच बोभाटा होतो. हटवण्याच्या मार्गदर्शिकेचे तसे नाही. चाचणीपुरता घेतलेला टेनंट (म्हणजे एका संस्थेची स्वतंत्र डिरेक्टरी) नकोसा झाला किंवा दोन संस्थांचे विलीनीकरण झाले, अशा मोजक्याच प्रसंगी तिची गरज पडते आणि काम उरकल्यावर तो वाचक त्या पानाकडे पुन्हा फिरकत नाही. अडकलेला माणूस सपोर्टकडे तिकीट टाकून मोकळा होतो. पान नेमके कुठे चुकले हे लेखकाला कळवण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. म्हणून या लेखनाची चूक वाचकांकडून कळेल अशी वाट न पाहता लेखकानेच ती शोधत राहिले पाहिजे.

मायक्रोसॉफ्टच्या डिरेक्टरीचे उदाहरण घेऊ. २०२३ मध्ये अझूर ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे नाव मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडी झाले. नावातला असा बदल ‘शोधा आणि बदला’ करून काही मिनिटांत सगळ्या दस्तऐवजांत उतरवता येतो, आणि त्याबरोबर पानावरची ‘अद्ययावत’ तारीखही नवी होते. पायऱ्या मात्र कोणी करून पाहिलेल्या नसतात. माझ्या मते शिळ्या पानापेक्षा हे पान अधिक घातक आहे, कारण जुनी तारीख पाहून वाचक निदान सावध तरी होतो. पानावर ‘शेवटचा बदल’ आणि ‘शेवटची पडताळणी’ अशा दोन तारखा वेगळ्या असाव्यात, आणि दुसरी तारीख कोणीतरी चाचणीचा टेनंट खरोखर हटवून पाहिल्याखेरीज पुढे सरकू नये.

आज्ञावलींची गोष्ट याहून नाजूक आहे. पोर्टलमधून, म्हणजे व्यवस्थापनाच्या संकेतस्थळावरून, न निघणारी काही एंटरप्राइझ ॲप्लिकेशन्स (टेनंटशी जोडलेली ॲप्स) पॉवरशेलने, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करवून घेण्याच्या साधनाने, काढावी लागतात. त्यासाठी वर्षानुवर्षे वापरली गेलेली एमएसऑनलाइन आणि अझूर एडी ही दोन्ही मॉड्यूल्स (पॉवरशेलच्या आज्ञांचे संच) ३० मार्च २०२४ रोजी अधिकृतपणे कालबाह्य ठरली आणि त्यांची जागा मायक्रोसॉफ्ट ग्राफ पॉवरशेलने घेतली. येथे नुसते नाव बदलून भागत नाही. आज्ञा वेगळी, तिचे घटक वेगळे आणि जोडणीच्या वेळी मागायच्या परवानग्याही वेगळ्या. जुनी आज्ञा पानावर ‘संदर्भासाठी’ राहू देण्याचा मोह टाळावा, कारण घाईतला वाचक जी आज्ञा आधी दिसेल तीच चिकटवतो.

आता सुबोधतेकडे वळू. टेनंट हटवण्याचे बटण दाबले की प्रणाली आधी तपासणी करते आणि एक तक्ता दाखवते: कोणती गोष्ट आड येते आहे, तिची स्थिती काय आणि त्यावर काय करायचे. वाचक बहुधा हा तक्ता समोर ठेवूनच मार्गदर्शिकेकडे येतो. त्यामुळे पानाची मांडणी संकल्पनांनुसार न करता या अडथळ्यांनुसार करावी आणि पोटशीर्षकांत तक्त्यातलेच शब्द जसेच्या तसे वापरावेत. हटवणारा एक ग्लोबल ॲडमिनिस्ट्रेटर (सर्वाधिकार असलेला प्रशासक) सोडून दुसरा वापरकर्ता उरता कामा नये, ॲप्लिकेशन्स नकोत, सबस्क्रिप्शन्स नकोत; एवढे बहुतेक पाने सांगतात.

खरी गफलत होते ती क्रमात. वापरकर्त्यांच्या नोंदी संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवरून क्लाउडमध्ये सिंक होत, म्हणजे आपोआप जुळवल्या जात, असतील तर आधी सिंक बंद करावे लागते आणि मगच त्यांना क्लाउडमधून काढता येते. आणि सिंक पूर्णपणे बंद व्हायला ७२ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. ही प्रतीक्षा पानाच्या तळाशी टीपेत टाकली तर सोमवारी सकाळी काम हाती घेऊन संध्याकाळी संपवू पाहणारा प्रशासक मध्येच अडकणार. ‘या कामाला एकाहून अधिक दिवस लागू शकतात’ हे वाक्य पहिल्या पायरीच्या आधी हवे. तपासणीच्या तक्त्यातल्या ‘अझूर संसाधनांची परवानगी’ (अझूर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधील सेवा हाताळण्याची मुभा) या ओळीचेही असेच आहे. गुणधर्मांच्या पानावरचा स्विच चालू केला, तरी एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगिन केल्याशिवाय ती परवानगी लागू होत नाही. मूळ पायरीत हे अर्धे वाक्य नसेल, तर वाचक तोच स्विच चालू-बंद करत बसतो.

परत फिरण्याची सोय कुठपर्यंत आहे, हेही प्रत्येक पायरीला लागूनच लिहावे. हटवलेला वापरकर्ता ३० दिवसांपर्यंत परत आणता येतो. हे वाचून निर्धास्त झालेला माणूस तोच समज संपूर्ण टेनंटला लावून बसू शकतो, म्हणून ही मुदत वापरकर्त्याच्याच पायरीत सांगावी. ‘हटवलेले परत मिळवा’ अशा सामायिक परिच्छेदात कोंबू नये.

राहता राहिली चित्रे. पोर्टलच्या डाव्या पट्टीतली मेनूंची नावे आणि क्रम वारंवार बदलतात, त्यामुळे स्क्रीनशॉट सर्वांत आधी जुने होतात. तपासणीच्या तक्त्याचे एक चित्र ठेवावे. बाकी ठिकाणी कोणत्या पानावर कोणत्या नावाचे बटण दाबायचे हे शब्दांत सांगितले तर पुढच्या पडताळणीच्या वेळी एक ओळ बदलून काम भागते.