दहा सेकंदांत न सापडणारी धडधड

छातीत फडफडल्यासारखं होतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. दवाखान्यात जाऊन ईसीजी काढावा, तर तो नॉर्मल! भास नव्हता तो. साधा ईसीजी, म्हणजे हृदयातल्या विजेची नोंद, जेमतेम दहा सेकंद टिपतो, आणि बिघडलेले ठोके तोवर ताळ्यावर आलेले असतात.

ईसीजीचं हे सुरुवातीचं यंत्र पाहा. नेदरलँड्समधल्या लायडनच्या विलेम आइंटहोवेन यांचं. वजन पावणेतीनशे किलोच्या घरात, चालवायला पाच माणसं, आणि पेशंटचे हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवलेले. या कामाला १९२४चं नोबेल मिळालं. पण पेशंटनं यंत्रापाशी जायचं, हे काही सुटलं नाही.

ते उलटं केलं अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांनी. १९४०चं दशक संपताना त्यांनी यंत्र माणसाच्या पाठीवर चढवलं. ओझं सुमारे ३८ किलो! आज 'होल्टर लावलाय' म्हणतात, तो डबा खिशात मावतो आणि दिवस-दोन दिवसांची नोंद ठेवतो. छातीवर चिकटवायचे काही पॅच तर चौदा दिवस राहतात.

मनगटावरचं स्मार्ट घड्याळ मात्र आधी वीज मोजतच नाही. ते कातडीवर हिरवा प्रकाश टाकतं. रक्त तो शोषून घेतं, म्हणून दर ठोक्याला परत येणारा उजेड कमी-जास्त होतो. दोन ठोक्यांमधलं अंतर सतत विस्कटलेलं दिसलं, की इशारा येतो. हा नुसता संशय. मग दुसऱ्या हाताचं बोट घड्याळाला टेकवून तीस सेकंद स्वस्थ बसायचं, की ईसीजीची एक रेघ मिळते. एकच. हार्ट अटॅक तीत पकडता येत नाही. छातीत कळ येत असताना घड्याळ न्याहाळत बसणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

एवढा खटाटोप मुख्यतः एट्रियल फिब्रिलेशनसाठी. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त साचतं, गुठळी होते. ती मेंदूत गेली, की पक्षाघात.

मग जितकं शोधावं तितकं चांगलं? डेन्मार्कमध्ये सत्तरी ओलांडलेल्या, पक्षाघाताचा धोका असलेल्या सहा हजार लोकांवर अभ्यास झाला. काहींच्या कातडीखाली कायम नोंद घेणारं छोटं यंत्र बसवलं. त्यांच्यात ३२ टक्क्यांना हा विकार सापडला, इतरांत १२ टक्क्यांना. पक्षाघात मात्र खात्रीनं म्हणावं इतके घटले नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्तस्रावाची भीती असते. त्यामुळे घड्याळातली रेघ पाहिल्यावरही डॉक्टर वय विचारतात, रक्तदाब, मधुमेह विचारतात, आणि हे किती वेळ चाललं होतं तेही.