डॉ. मिरोव्स्की आणि शरीरात बसणारे डिफिब्रिलेटर

श्रोतेहो, नमस्कार. १९६६ साली इस्रायलमधील नामवंत वैद्य प्राध्यापक हॅरी हेलर हृदयाच्या ठोक्यांतील गंभीर बिघाडाने दगावले. हा विकार त्यांना पुन्हा पुन्हा गाठत होता, हे त्यांचे शिष्य डॉ. मिशेल मिरोव्स्की जाणून होते. परंतु उपचाराचे यंत्र, म्हणजे विजेचा धक्का देऊन हृदयाची लय पूर्ववत करणारे डिफिब्रिलेटर, हाताशी असावे म्हणून गुरूंना कायमचे रुग्णालयात ठेवणे शक्य नव्हते. मग यंत्रच रुग्णाच्या शरीरात बसवावे, या विचाराने त्यांच्या मनाची पकड घेतली.

हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरू लागले, की मेंदूला रक्त पोहोचत नाही. काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि विजेचा धक्का देऊन लय पूर्ववत केली नाही, तर काही मिनिटांत मृत्यू ओढवतो. हा धक्का छातीवरून दिला तर बरीच ऊर्जा वाटेतच खर्ची पडते. इलेक्ट्रोड, म्हणजे धक्का पोहोचवणारी विजेची टोके, थेट हृदयाशी नेले तर थोडक्या ऊर्जेत काम भागेल आणि यंत्रही लहान करता येईल, हा मिरोव्स्की यांच्या संशोधनाचा गाभा.

१९६८ साली ते अमेरिकेत बाल्टिमोरच्या सायनाय रुग्णालयात आले आणि डॉ. मॉर्टन मॉवर यांच्यासह कामाला लागले. १९७२ साली डॉ. बर्नार्ड लाऊन यांच्यासारख्या अधिकारी हृदयरोगतज्ज्ञाने या कल्पनेवर जाहीर टीका केली. धोका नेमका कोणाला आहे, हे आधी ओळखायचे कसे, हा प्रश्न त्या काळी रास्तच होता, असे मला वाटते. मिरोव्स्की यांनी प्रयोगाचे चित्रीकरण दाखवले: कुत्रा कोसळतो, शरीरातले यंत्र धक्का देते आणि तो उठून शेपटी हलवू लागतो. कुत्र्याला पढवले असेल, अशी शंका निघाली, तेव्हा त्यांनी चित्रासोबत त्याच्या ईसीजीचा आलेखही दाखवायला सुरुवात केली. अशा चिकाटीपुढे खरोखर मान लवते.

४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एका महिलेच्या शरीरात हे यंत्र प्रथम बसवले गेले. त्यासाठी छाती उघडावी लागली आणि सुमारे पाव किलोचे ते यंत्र पोटात ठेवावे लागले. सुरुवातीला तर हृदय दोनदा बंद पडूनही जे वाचले, अशाच रुग्णांचा विचार होत असे. १९८५ साली अमेरिकन सरकारने यंत्राला मान्यता दिली. पुढे शिरेतून तार सरकवून ते गळपट्टीच्या हाडाखाली बसवता येऊ लागले. हृदयविकाराच्या झटक्याने हृदय दुर्बळ झालेल्या, पण ते एकदाही बंद न पडलेल्या निवडक रुग्णांचेही प्राण या यंत्रामुळे वाचतात, हे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवून दिले. मिरोव्स्की १९९० सालीच निवर्तले होते.